दाढेच्या इंजेक्शनात कोकेन असतं का? लिग्नोकेन आणि कोकेनच्या नात्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या आठवड्यात अक्कलदाढ काढायची आहे, त्यानंतर महिन्याभरात मर्चंट नेव्हीच्या मेडिकलला लघवीची ड्रग टेस्ट आहे, आणि कुठेतरी वाचलंत की दातांचे डॉक्टर देतात ते लिग्नोकेन हे कोकेनच्याच घराण्यातलं. तेव्हा टेस्ट पॉझिटिव्ह येईल का, सवय लागेल का, आणि वडिलांना 'भुलीचं इंजेक्शन सोसत नाही' असं एका डॉक्टरांनी पूर्वी सांगितलं होतं, तर तुम्हालाही धोका आहे का.

आधी सरळ उत्तरं देतो. लिग्नोकेनमुळे कोकेनची टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही. त्याची सवय लागत नाही. वडिलांना नेमकं काय झालं होतं हे कळल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच देऊ नये, पण अशा बहुतेक 'ॲलर्जी' ॲलर्जी नसतात. नात्याची गोष्ट मात्र खोटी नाही. ते नातं कुठपर्यंत खरं आहे ते कळलं, तर इंजेक्शनात ॲड्रेनलिन का घालतात, सुजलेली दाढ बधिर का होत नाही आणि खरी भीती कशाची बाळगायची, हेही आपोआप कळतं.

गोंधळ होतो तो असा की कोकेन एकच काम करतं असं आपण धरून चालतो. ते दोन कामं करतं, आणि ती दोन्ही एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत.

पहिलं काम मज्जातंतूच्या आवरणात. वेदनेचा संदेश पुढे सरकतो तो सोडियम चॅनेल एकामागून एक उघडत गेल्यामुळे. सोडियम आत शिरतं, विजेचा भार बदलतो, शेजारचा चॅनेल उघडतो. कोकेनचा रेणू आवरण ओलांडून तंतूच्या आत जातो आणि या चॅनेलला आतल्या बाजूने अडकून बसतो. संदेश तिथेच थांबतो. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, रोपिव्हाकेन, प्रोकेन ही सगळी औषधं हेच करतात, त्याच चॅनेलवर.

दुसरं काम मज्जातंतूच्या टोकाशी. तिथे नॉरॲड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्यं बाहेर सोडली जातात आणि काम झालं की पंपांनी परत आत ओढली जातात. कोकेन हे पंप बंद पाडतं. मेंदूत डोपामिन साचलं की ती तरतरी, तो उन्माद आणि पुन्हा हवंसं वाटणं. नॉरॲड्रेनलिन साचलं की रक्तवाहिन्या आक्रसतात, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. व्यसन सगळं या दुसऱ्या कामातून येतं. बधिरपणाशी त्याचा काही संबंध नाही.

लिग्नोकेन हे दुसरं काम करत नाही, आणि म्हणून त्याची चटक लागत नाही. प्रोकेन प्रयोगशाळेत त्या पंपांना किंचित अडवतं हे खरं, पण उपचाराच्या मात्रेत त्याला अर्थ नाही. दातांच्या खुर्चीवरून उठताना छातीत धडधडलं, हात थरथरले, तर ते लिग्नोकेनमुळे नव्हे. सोबतच्या ॲड्रेनलिनमुळे किंवा निव्वळ भीतीने.

आता घराण्याबद्दल. कोकाच्या पानातून शुद्ध कोकेन वेगळं काढलं ते आल्बर्ट नीमान यांनी, जर्मनीत ग्योटिंगेनला, १८६० साली. जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते ही नोंदही तेव्हाचीच. तरी त्याचा शस्त्रक्रियेसाठी उपयोग करायला चोवीस वर्षं गेली. १८८४ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड कोकेनच्या मनावरच्या परिणामांमागे लागले होते. त्यांचे तरुण सहकारी कार्ल कोलर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बधिर करणारं काहीतरी शोधत होते. पूर्ण भूल देणारं ईथर दिलं तर रुग्णाला उलट्या होत, आणि नुकताच कापलेला डोळा त्या जोराने बिघडे. कोलर यांनी कोकेनचं द्रावण आधी बेडकाच्या डोळ्यात, मग सशाच्या आणि कुत्र्याच्या, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात टाकून बुब्बुळाला टाचणी लावून पाहिली. काहीच जाणवलं नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत हे दाखवलं गेलं, पण कोलर तिथे नव्हते. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून त्यांचा निबंध ब्रेटाउअर नावाच्या डॉक्टरांनी वाचला.

पुढची वर्षं धडाक्याची आणि वाईट. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतूच्या मुळाशी कोकेन टोचून पूर्ण भाग बधिर करण्याचं तंत्र बसवलं. प्रयोग एकमेकांवर केले, आणि हॉल्स्टेडसह काहीजण व्यसनात अडकले. १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील इथे आउगुस्ट बीअर यांनी कमरेत कोकेन देऊन कंबरेखालचा भाग बधिर केला. सिझेरियनला आज पाठीत देतो त्या इंजेक्शनचा हा पूर्वज, आणि त्यानंतरची डोकेदुखीही बीअर यांनी स्वतः भोगली. दरम्यान मात्रा कुणालाच नीट ठाऊक नसल्याने मृत्यू होत राहिले. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांपुढचं काम स्पष्ट होतं: पहिलं काम ठेवा, दुसरं काढा.

कोकेनचा रेणू तीन तुकड्यांचा. एका टोकाला तेलात विरघळणारं वलय, दुसऱ्या टोकाला पाण्यात विरघळणारा अमाइनचा भाग, मध्ये दोघांना जोडणारा एस्टरचा दुवा. बधिर करायला हा सांगाडा पुरेसा आहे असं दिसलं. म्युनिकमध्ये आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी तोच सांगाडा ठेवून सोपा रेणू घडवला: प्रोकेन, म्हणजे नोव्होकेन. पेटंट १९०४ चं, आणि १९०५ मध्ये हाइनरिख ब्राउन यांनी ते शस्त्रक्रियेत वापरात आणलं. तेव्हा प्रोकेनला कोकेनचं अपत्य म्हणायला हरकत नाही.

लिग्नोकेनचा वंश मात्र निराळा, आणि बहुतेक लेखांत हेच सुटतं. त्याची सुरुवात कोकाच्या पानात नाही, बार्लीत आहे. स्टॉकहोममध्ये बार्लीतल्या ग्रामिन नावाच्या द्रव्याचा अभ्यास चालू असताना त्याच्या एका भावंड-रेणूची चव घेतल्यावर जीभ बधिर झाली. त्या धाग्यावरून निल्स लॉफग्रेन यांनी बरेच रेणू बनवून पाहिले, आणि १९४३ मध्ये बेंग्ट लुंडक्विस्ट यांच्यासोबत लिग्नोकेन हाती लागलं. लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःला टोचून पाहिलं. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने बाजारात आहे. यात मधला दुवा एस्टरचा नसून अमाइडचा आहे. म्हणजे लिग्नोकेन कोकेनपासून बनत नाही, शरीरात त्याचं कोकेन होत नाही, आणि त्याच्या बाटलीत कोकेनचा अंशही नसतो. त्याच चॅनेलवर बसतं, एवढंच साम्य. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली (१९८५) कोकेनची २ ग्रॅम ही 'अल्प' आणि १०० ग्रॅम ही 'व्यापारी' मात्रा धरली आहे. लिग्नोकेनला त्या कायद्याशी देणंघेणं नाही.

दुसरं काम काढून टाकल्याची एक किंमतही पडली. कोकेन रक्तवाहिन्या स्वतःच आक्रसवतं, त्यामुळे ते टोचल्या जागी टिकतं आणि रक्तस्रावही कमी होतो. प्रोकेन, लिग्नोकेन उलट रक्तवाहिन्या सैल करतात. रक्त वाढतं, औषध धुऊन जातं. नुसतं २ टक्के लिग्नोकेन दाताजवळ दिलं तर दाताच्या आतला मगज ५ ते १० मिनिटंच नीट बधिर राहतो. तेवढ्यात कुठली दाढ निघत नाही. म्हणून ॲड्रेनलिन. त्याच औषधात ते घातलं की मगज तासभर बधिर राहतो आणि ओठ-गाल तीन तास किंवा जास्तच. आपल्याकडे दातांसाठीच्या बाटलीवर '१:८०,०००' लिहिलेलं असतं, म्हणजे १ मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिन. टाके घालायला वापरतात त्यात बहुधा १:२,००,०००, म्हणजे मिलीला ५ मायक्रोग्रॅम. हृदयविकार असेल तर एका वेळी ४० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा दंडक आहे, म्हणजे १:८०,००० चं साधारण ३ मिली. त्यात एका दाढेचं काम व्यवस्थित होतं, त्यामुळे 'हार्ट पेशंट आहे, ॲड्रेनलिन नकोच' हा आग्रह बरेचदा उलटा पडतो. बधिरपणा अपुरा राहून दुखलं तर शरीर स्वतःचं ॲड्रेनलिन त्याहून कितीतरी जास्त सोडतं.

नाकाच्या शस्त्रक्रियेत ही फारकत सगळ्यात छान दिसते. परदेशात काही कान-नाक-घसा तज्ज्ञ अजून कोकेन वापरतात. अमेरिकेत २०१७ मध्ये नाकासाठीच्या ४ टक्के द्रावणाला रीतसर मान्यताही मिळाली. कारण हेच की एकाच औषधात बधिरपणा आणि रक्तवाहिन्या आक्रसणं दोन्ही मिळतं. आपल्याकडे तेच दोन औषधांनी साधतात: ४ टक्के लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन घालून भिजवलेली पट्टी, किंवा जोडीला झायलोमेटाझोलिनचे (चोंदलेल्या नाकात घालतात ते) थेंब. आणि कोकेन ओढणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं तेही याच जोडीमुळे. रक्तपुरवठा तुटल्याने ऊतक मरत जातं आणि बधिर असल्याने कळत नाही.

तुमची दाढ सुजलेली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हा पुढचा भाग नीट वाचा.

बधिर करणारा रेणू दोन रूपांत असतो, विद्युतभार असलेला आणि नसलेला. भार नसलेलं रूप तेलकट आवरणातून आत जाऊ शकतं; आत गेल्यावर भार असलेलं रूप चॅनेलला चिकटतं. कुठलं किती हे भोवतालच्या आम्लतेवर ठरतं. लिग्नोकेनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ही दोन रूपं निम्मी-निम्मी असतात तो आकडा, ७.९. (पीएच हे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त.) शरीराच्या नेहमीच्या ७.४ पीएचला त्यातला साधारण चौथा हिस्सा भाररहित असतो, म्हणजे आत शिरायला भरपूर. पू झालेल्या जागी पीएच ६.५ पर्यंत उतरला तर हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं. औषध ओतताय, पण ते आत जात नाही. शिवाय सुजेमुळे तिथे रक्त जास्त, म्हणजे जेवढं आहे तेही लवकर धुतलं जातं. 'मला भूल चढतच नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट एवढीच असते. यावर जास्त औषध ओतणं हा इलाज नाही. सुजेपासून लांब, जबड्याच्या मागे मज्जातंतूच्या मुळाशी इंजेक्शन द्यायचं, नाहीतर आधी पू काढून, गरजेप्रमाणे प्रतिजैविक देऊन चार दिवस थांबायचं. तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा ताप असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आधी फोन करा.

हेच गणित उलट दिशेनेही चालतं. दक्षिण अमेरिकेत आँडीज पर्वतात कोकाची पानं चुना किंवा राख लावून चघळतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई-कलकत्त्यात कोकेन विड्यातून खाल्लं जाई, त्यातही चुना असेच. चुन्याने तोंडातली आम्लता कमी होते, भाररहित रूप वाढतं आणि ते गालाच्या त्वचेतून भराभर शोषलं जातं. आम्ही डॉक्टर हेच सोडाबायकार्बने करतो: साधारण ९–१० मिली लिग्नोकेनला १ मिली सोडाबायकार्ब, तेही टोचायच्या जरा आधी मिसळून. चुरचुर कमी होते आणि बधिरपणा लवकर येतो. ॲड्रेनलिनवालं औषध जास्त झोंबतं, कारण ॲड्रेनलिन टिकावं म्हणून ते द्रावण मुद्दाम आम्ल ठेवलेलं असतं. ब्युपिव्हाकेनला मात्र हे प्रमाण चालत नाही. त्यात सोडाबायकार्ब जरा जास्त पडला की औषध गढूळ होऊन तळाशी बसतं, आणि ते सिरिंज फेकूनच द्यावं लागतं.

वडिलांबद्दल. एस्टर गटातली औषधं, म्हणजे प्रोकेन, बेंझोकेन, टेट्राकेन, मोडली की पॅराअमिनोबेंझोइक आम्ल नावाचं द्रव्य होतं, आणि खऱ्या ॲलर्जी बहुतेक त्याच्याच असतात. गंमत अशी की कोकेनही एस्टरच, पण ते मोडून हे द्रव्य होत नाही. लिग्नोकेन अमाइड, ते यकृतात मोडतं आणि तिथेही हे द्रव्य होत नाही. त्यामुळे लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळ. 'सोसत नाही' याचा अर्थ खुर्चीवर चक्कर येऊन नाडी मंदावली, ॲड्रेनलिन रक्तवाहिनीत गेल्याने दोन-तीन मिनिटं धडधडलं, किंवा ३० मिलीच्या बहुवापर बाटलीतल्या मिथाइलपॅराबेन या टिकवणाऱ्या द्रव्याची प्रतिक्रिया आली, यांपैकी काहीही असू शकतं.

वडिलांना विचारायचं ते असं: अंगावर गांधी उठल्या का, ओठ-जीभ सुजली का, श्वास घरघरला का, आणि किती मिनिटांनी? या तिन्हींपैकी काही पहिल्या अर्ध्या तासात झालं असेल तर जुने कागद घेऊन ॲलर्जीतज्ज्ञांकडे रीतसर चाचणी करून घ्यावी, तीही टिकवणारं द्रव्य नसलेल्या औषधाने. नुसती चक्कर आणि घाम असेल तर पुढच्या वेळी आडवं झोपवून इंजेक्शन घ्यायचं, एवढंच. आपल्याकडे अनेक ठिकाणी सरसकट हातावर त्वचेत थोडं औषध टोचून, फुगा आणून 'टेस्ट' करतात. पूर्वी त्रास झालेला नसताना त्या फुग्याला काही किंमत नाही असं माझं स्पष्ट मत आहे: ती निगेटिव्ह आली म्हणून सुरक्षित ठरत नाही आणि जागा लाल झाली म्हणून ॲलर्जी ठरत नाही. तुमच्यापुरतं सांगायचं तर अशी ॲलर्जी वडिलांकडून मुलाकडे ठरावीक पद्धतीने उतरत नाही. पण दातांच्या डॉक्टरांच्या कानावर हे घालाच.

सवयीची चिंता सोडून जी चिंता करायला हवी ती मात्रेची. कारण जे पहिलं काम कोकेनकडून या औषधांनी उचललं, त्याचं विषही उचललं. सोडियम चॅनेल फक्त दाढेच्या तंतूत नाहीत, मेंदूत आणि हृदयातही आहेत.

हिशेब साधा आहे. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम. नुसत्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे ३ ते ४.५ मिलिग्रॅम धरतात (पुस्तकागणिक फरक आहे), ॲड्रेनलिनसह ७. तुमचं वजन ६० किलो धरलं तर नुसतं औषध ४.५ च्या हिशेबाने २७० मिलिग्रॅम, म्हणजे १३.५ मिली, ॲड्रेनलिनसह ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिली. खालच्या एका दाढेला लागतं दोन ते चार मिली. चारही अक्कलदाढा एका बैठकीत काढल्या तरी आपण मर्यादेच्या बरेच खाली असतो. ब्युपिव्हाकेनला मात्र किलोमागे २ मिलिग्रॅम एवढीच मुभा, आणि ते हृदयाच्या चॅनेलला चिकटलं की लवकर सुटत नाही. त्याने हृदय थांबलं तर परत सुरू करणं फार जड जातं.

मर्यादेच्या आतही एक धोका उरतो: सुईचं टोक रक्तवाहिनीत असताना औषध ढकलणं. म्हणून प्रत्येक वेळी आधी दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहायचं आणि औषध हळू, थोडं थोडं द्यायचं. दातासाठी १ मिलीला निदान मिनिटभर. रक्तात जास्त गेलं तर आधी जिभेला आणि ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंईगुंई, मग बोलणं अडखळणं, मग झटके, आणि शेवटी हृदयाची लय बिघडणं. यातलं पहिलं काही जाणवलं तर 'होईल ठीक' म्हणून गप्प बसू नका, हात वर करा. ओठ बधिर होणं अपेक्षितच आहे, पण ते एका बाजूचं. दोन्ही बाजूंनी ओठांभोवती मुंग्या आल्या तर ते वेगळं.

त्या वेळी आमच्या बाजूने काय होतं तेही सांगतो. औषध थांबवायचं, ऑक्सिजन, श्वासमार्ग मोकळा, झटक्यांना मिडाझोलाम, आणि २० टक्के लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण: किलोमागे १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग किलोमागे मिनिटाला ०.२५ मिली. मोठ्या मात्रेची बधिरता जिथे देतात तिथे हे इमल्शन हाताशी असावं. लिपोसक्शन, मोठा हेअर ट्रान्सप्लांट, खांद्याचा ब्लॉक (मज्जातंतूंशी औषध देऊन खांदा-हात बधिर करणं) ही ती ठिकाणं. तिथे 'लिपिड ठेवता का?' असं विचारायला रुग्णाने लाजू नये.

घरातल्या क्रीमबद्दल एक सूचना. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन २.५–२.५ टक्के असलेलं क्रीम तासभर झाकून ठेवलं की सुई टोचलेली कळत नाही, उत्तम औषध आहे. पण लेझरने केस काढण्याआधी दोन्ही पायांना चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं की तीच मात्रा शरीरभर जाते. अमेरिकेत अशाने मृत्यू झालेले आहेत. प्रिलोकेन आणि बेंझोकेनने रक्तातला हिमोग्लोबिन ऑक्सिजन नेईनासा होतो, ओठ निळे पडतात. म्हणून दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना बेंझोकेनची जेल लावू नका.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला लागू नसेल, पण हे उत्तर वाचणाऱ्या कुणाला तरी लागू असेल. चोरट्या बाजारातल्या कोकेनमध्ये लिग्नोकेन किंवा बेंझोकेनची भेसळ सर्रास आढळते. हिरडीला लावून ती बधिर झाली म्हणजे माल अस्सल, ही परीक्षा त्यामुळेच फोल आहे. आणि दोन्ही मिळून झटक्यांचा धोका वाढवतात. कोकेन घेतलेल्या माणसाला ॲड्रेनलिनवालं इंजेक्शन दिलं तर आधीच साचलेल्या नॉरॲड्रेनलिनवर त्याची भर पडते. रक्तदाब उसळतो, हृदयाची लय बिघडू शकते. तातडीचं नसेल तर आम्ही निदान २४ तास थांबतो. कोकेनने हृदयाची लय बिघडून आलेल्या रुग्णाला सोडाबायकार्ब आणि वेळप्रसंगी लिग्नोकेनच दिलं जातं. ते चॅनेलवर बसतं आणि चटकन सुटतं, आणि तेवढ्यापुरतं चिवट कोकेनला जागा मिळू देत नाही. डॉक्टरांना खरं सांगितल्याने पोलीस येतील ही भीती लोकांना असते. आम्ही विचारतो ते औषध ठरवण्यासाठी.

शेवटी तुमची टेस्ट. लघवीच्या चाचणीत कोकेन शोधत नाहीत, ते मोडून झालेलं बेंझॉइलएकगोनिन शोधतात. कोकेन घेतल्यावर ते साधारण दोन ते चार दिवस सापडतं, नेहमी घेणाऱ्यांत त्याहून जास्त. लिग्नोकेनचे तुकडे रचनेने इतके वेगळे आहेत की त्या चाचणीला ते ओळखूच येत नाहीत, आणि जीसी-एमएस या रेणू नेमका ओळखणाऱ्या यंत्रावर केलेल्या खात्रीच्या चाचणीत तर गोंधळाला जागाच नाही. शिवाय लिग्नोकेनचं रक्तातलं प्रमाण दीड-दोन तासांत निम्मं होतं.

टेस्टमध्ये अडचण आलीच तर ती दाढेनंतरच्या चिठ्ठीतून येईल. कोडीन असलेली गोळी किंवा खोकल्याचं औषध अफूवर्गाच्या चाचणीत पॉझिटिव्ह येतं, कारण त्यातलं काही शरीरात मॉर्फिन होतं. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चाचणीच्या यादीत असेल तर तेही दिसतं. काढताना गुंगीसाठी मिडाझोलाम दिलं तर बेंझोडायझेपीन या त्याच्या गटाच्या रकान्यात येऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा की ड्रग टेस्ट आहे, साध्या दाहशामक गोळीवर भागतंय का पाहा. बहुतेकांचं भागतं. जे काही दिलं त्याची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. मेडिकलच्या दिवशी नमुना देण्याआधी, विचारलं नाही तरी, घेतलेली सगळी औषधं अर्जात लिहा. निकाल आल्यावर दिलेल्या खुलाशाला तेवढं वजन राहत नाही.

आणि नोकरी लागल्यावर जहाज पेरूच्या एखाद्या बंदराला लागलं, तर तिथल्या हॉटेलात ठेवलेला कोकाच्या पानांचा चहा घेऊ नका. तो तिथे कायदेशीर आहे, नशाही येत नाही, पण एक कपही पुढच्या चाचणीत बेंझॉइलएकगोनिन दाखवायला पुरतो. आणि तिथे जीसी-एमएसही वाचवणार नाही, कारण लघवीत ते खरोखरच असतं.